कोड खुला करायचाय? सचिनमधल्या पोरापोरींशी थोडं बोलायचंय

सुरतेच्या सचिन जीआयडीसीतल्या एका लूमच्या कारखान्यात शेठच्या टेबलाच्या खणात एक निळं डोंगल पडून आहे. अंगठ्याएवढं. ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय त्यांचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. एक दिवस डोंगल बंद पडलं. ज्यानं विकलं होतं त्याचा फोन लागेना, दुकानावर जाऊन पाहिलं तर कुलूप. सात वर्षांचे ताके, बीमचे नंबर, कोणत्या पार्टीकडून किती यायचंय, सूतवाल्याला किती द्यायचंय, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि शेठच्या हाती काहीच नाही. तरी ते डोंगल फेकत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, कधी चाललंच तर?"

या शेठना विसरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

तुमचा प्रश्न मला आता तोंडपाठ झालाय. आपल्यातली बरीच घरं खानदेशातून आलेली. भुसावळकडून येणाऱ्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून उधन्याला उतरायचं आणि पुढे पांडेसरा, भेस्तान, सचिन, जिथं काम मिळेल तिथं राहायचं. आईवडील लूमवर किंवा डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये बारा-बारा तास उभे राहिले. त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी आज बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. ताक्याची नोंद, कारीगराचा पगार, जॉबवर्कचं चलान. दोन-तीन मित्र मिळून स्टार्टअप काढतात. मग संध्याकाळी स्टेशनजवळ चहा घेताना विचारतात, "दादा, कोड सगळ्यांसाठी खुला करून गिटहबवर टाकू का? की कोणी चोरेल?"

चोरीची भीती मी समजू शकतो. आपण सुरतेच्या हवेत वाढलो. रिंग रोडच्या मार्केटात एखादी डिझाईन चालली की आठवड्याभरात तीच डिझाईन शेजारच्या गाळ्यावर स्वस्तात लटकलेली दिसते. अशा गावात झाकली मूठ सव्वा लाखाची हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण तुमच्या मुठीत नेमकं काय आहे ते एकदा नीट बघा.

ग्रे कापड मिलमध्ये प्रोसेसला जातं आणि परत येतं तेव्हा मीटर कमी भरतं. ही घट किती चालवून घ्यायची हे प्रत्येक पार्टीशी वेगळं ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा तोंडीच. कोणत्या कापडाला किती, कोणत्या मिलकडून किती, भांडण झालं तर मास्टरचा शब्द धरायचा की चलानावरचा आकडा, हे तुम्ही कारखान्यातल्या बाकड्यावर बसून शिकलात. तुमच्या प्रोग्राममध्ये घटीचा रकाना आहे, म्हणून शेठनी तो घेतला. कोड उचलून नेणाऱ्याला तो रकाना मिळेल, बाकडं मिळणार नाही. उद्या एखाद्या पार्टीनं घटीचा नियम बदलला तर शेठ फोन तुम्हाला करतील, त्याला नाही. सुरुवातीच्या वर्षात तर कोड दर महिन्याला निम्मा बदलतो. आज चोरलेला माल चार महिन्यांत शिळा होतो.

दुसऱ्या बाजूची आशाही मला तितकीच पोकळ वाटते. कोणीतरी सांगतं की कोड खुला केला की जगभरातले प्रोग्रामर धावून येतील, चुका दुरुस्त करतील, फुकटात काम होईल. बहुतेकांच्या बाबतीत असं होतं की कोणी बघायलाच येत नाही. कोड टाकला जातो, दोन मित्र स्टार देतात, संपलं. आणि कोणी आलंच तर त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तुम्ही दोघं-तिघं आहात आणि रात्रपाळीत प्रिंटर अडला तर धावणारेही तुम्हीच आहात. तेव्हा चोराला घाबरून कोड झाकू नका आणि फुकट मदतीच्या आशेनं उघडूही नका.

बघायचं ते डोंगलवाल्या शेठकडे. त्यांना तुमच्या कोडची एक ओळही वाचायची नाही. त्यांचा एकच सवाल आहे, जो ते भिडेखातर विचारत नाहीत: पोरा, तू उद्या नोकरी लागून बेंगळुरूला गेलास तर माझ्या हिशेबाचं काय? या सवालाला तुम्ही काय शब्द देणार, त्यावर कोड खुला करायचा की नाही ते ठरवा.

असा शब्द देऊन धंदा उभा राहतो का? राहतो, आणि उदाहरण लांबचं नाही. मुंबईत रुषभ मेहता यांनी घरच्या धंद्याच्या गरजेतून एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. माल, खरेदी-विक्री, हिशेब, पगार सगळं एका जागी बघता यावं म्हणून. २००८ मध्ये त्याची कंपनी झाली. तेव्हा तिचं नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज होतं, आता तिला फ्रॅपे म्हणतात. सॉफ्टवेअरचं नाव ईआरपीनेक्स्ट. त्यांनी त्याचा कोड जीपीएल लायसन्सखाली खुला ठेवला. आज कोणीही ते फुकट उतरवून आपल्या मशीनवर चालवू शकतो. कंपनी पैसे घेते ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि आधार देण्याचे. कारखानदाराला त्यातून मिळणारी गोष्ट साधी आहे. फ्रॅपेशी पटलं नाही तर तोच कोड घेऊन तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. जाता येतं हे माहीत असलं की माणूस निश्चिंत मनानं थांबतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

बेंगळुरूच्या झिरोधानं वेगळी वाट धरली. शेअरचे व्यवहार ज्यावर होतात ते त्यांचं मुख्य सॉफ्टवेअर त्यांनी बंदच ठेवलंय. पण कामाच्या ओघात बनवलेली काही हत्यारं मोकळी केली. एका वेळी हजारो ईमेल पाठवण्याचं लिस्टमंक त्यातलंच, कैलाश नाध यांचं. दुकान आपलं, पान्हे-स्क्रूड्रायव्हर सगळ्यांचे. लहान कंपनीला हेही जमतं. तुमच्या प्रोग्राममध्ये बारकोडचं लेबल छापणारा किंवा वजनकाट्यावरून आकडा उचलणारा तुकडा असेल तर तो खुला करा. दुसऱ्या कारखान्यात तो वापरला गेला तर तुमचं नुकसान काहीच नाही. आणि तुम्ही कसं काम करता ते लोकांना दिसेल.

आता लायसन्सबद्दल. इथं मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्यात घाईनं केलेली चूक इथेच होते. लायसन्स न लावता टाकलेला कोड लोकांना दिसतो, पण तो वापरायचा हक्क कोणालाच मिळत नाही. म्हणजे ना धड बंद, ना धड खुला. एमआयटी किंवा बीएसडी लावलं तर कोणीही कोड घेऊन, बंद करून, आपल्या नावानं विकू शकतो. फक्त तुमची मूळ नोंद ठेवायची. जीपीएल लावलं तर जो कोड पुढे वाटेल त्यानं आपले बदलही त्याच अटीवर द्यायचे. एजीपीएल त्यापुढे जातं. कोड बदलून तो नुसता सर्व्हरवर चालवला आणि लोकांना इंटरनेटवरून वापरायला दिला, तरी वापरणाऱ्यांना तो बदललेला कोड द्यावा लागतो. आजकाल सगळंच ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून हा फरक मोठा आहे. मोठ्या कंपन्या एजीपीएलपासून लांब राहतात, गुगलच्या आत तर ते वापरायला मनाई आहे. तुमचं गिऱ्हाईक गुगल नाही, लूमवाला आहे. कारखान्याचं पूर्ण सॉफ्टवेअर खुलं करायचं असेल तर माझं मत एजीपीएलच्या बाजूनं आहे, आणि लहान तुकड्यांना एमआयटी पुरे.

ठरवायचं ते एकदाच, कारण एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. रेडिस नावाच्या सॉफ्टवेअरचं बघा. २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरनं ते लिहिलं आणि बीएसडीखाली मोकळं दिलं. जगभर पसरलं. क्लाउडवाल्या बड्या कंपन्या तेच आपल्याकडे चालवून पैसे कमवू लागल्या, आणि लायसन्सनं त्यांना तो हक्क दिलेलाच होता. मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीनं अटी बदलल्या, पुढच्या आवृत्त्या कडक लायसन्सखाली. महिना संपायच्या आत जुन्या मोकळ्या कोडवरून वॉल्की नावाचा वेगळा फाटा लिनक्स फाउंडेशनखाली निघाला आणि अॅमेझॉन, गुगल, ओरॅकल त्याच्या मागे उभे राहिले. मे २०२५ मध्ये रेडिसनं एजीपीएल हा पर्याय दिला, पण तोवर निघालेला फाटा निघाला तो निघालाच. इतक्या मोठ्या कंपनीला हे सोसलं. तुमच्याकडे गिऱ्हाईकं सहा आहेत. सहाच्या सहा एकाच गल्लीत चहा पितात. पोरानं शब्द फिरवला ही बातमी जीआयडीसीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला दुपार पुरते.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. सगळं ठरवून आली होती, एजीपीएल, रीडमी फाईल मराठी, गुजराती आणि हिंदीत, खूप नीट काम. फक्त बटण दाबायचं बाकी. मी म्हटलं, टेस्टचा फोल्डर उघड. त्यात एक एक्सेल फाईल होती. प्रोग्राम तपासायला तिनं पहिल्या गिऱ्हाइकाकडून घेतलेली. आत खऱ्या पार्ट्यांची नावं, प्रत्येकाचा मीटरमागे जॉबवर्कचा भाव आणि किती दिवसांची उधारी चाललीय तो रकाना. तिनं पटकन फाईल डिलीट केली. मी म्हटलं, आता जुना इतिहास उघड. गिटमध्ये जे एकदा नोंदलं ते मागे राहतं. तीन महिन्यांपूर्वीची नोंद उघडली तर फाईल जशीच्या तशी. त्याच्याच शेजारी डेटाबेसचा पासवर्ड, साध्या अक्षरांत.

ती कितीतरी वेळ बोललीच नाही. तिला कळलं होतं. एकाच विणकराचा एका पार्टीला एक भाव असतो आणि दुसरीला काही पैशांनी वेगळा, आणि त्यामागे वीस वर्षांचे संबंध असतात. कोणाची उधारी किती दिवस तुंबलीय हे बाहेर पडलं तर त्याला दुसऱ्या दिवशी सूत मिळत नाही. म्हणून मी म्हणतो, सुरतेत कोड हे गुपित नाहीच. भाव हे गुपित आहे, उधारी हे गुपित आहे, आणि ते तुमचं नाही, दुसऱ्यानं विश्वासानं तुमच्याकडे ठेवलंय. त्या रात्री तिनं पासवर्ड बदलले, खोट्या पार्ट्या आणि खोटे भाव टाकून नवी फाईल केली, आणि जुना इतिहास मागे सोडून कोरी रिपॉझिटरी काढली. महिन्याभरानं खुला केला. महिना गेला म्हणून काही बिघडलं नाही.

कोड कोणाचा, हेही तो खुला करण्याआधी कागदावर आलं पाहिजे. कॉलेजातल्या मित्रानं सुट्टीत बसून अर्धा प्रोग्राम लिहिला, तुम्ही त्याला थोडे पैसे दिले, तो आता पुण्याला नोकरीत. तुम्हाला वाटतं कोड आपला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरलाय. पगारी नोकरानं नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर मालकाचं. पण बाहेरून करून घेतलेलं काम आधी लिहिणाऱ्याचं असतं. ते तुमच्या नावावर व्हायला लेखी सही लागते. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जो कोड पूर्ण आपला नाही तो जगाला देण्याचा हक्क आपल्याला नाही. मित्राला फोन करा, दोन पानं लिहा, सही घ्या. मैत्री शाबूत असतानाच हे सोपं जातं. आणि तुमच्यापैकी जो दिवसा दुसऱ्या कंपनीत नोकरी करून रात्री हे लिहितो, त्यानं आपलं नेमणूकपत्र काढून नीट वाचावं. पेटंट करून टाक म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(के) नुसत्या प्रोग्रामला पेटंट देत नाही.

नाव मात्र सांभाळा. साडीच्या पाकिटावरचं लेबल किती महत्त्वाचं असतं हे सुरतेत वेगळं सांगायला नको. कोड खुला केला तरी नाव आणि चिन्ह तुमचंच राहतं, पण ट्रेडमार्क नोंदवलेला असला तर त्यासाठी भांडणं सोपं जातं. एकटा माणूस, लहान उद्योग किंवा नोंदलेला स्टार्टअप असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,००० रुपये. दोन मित्रांच्या एका महिन्याच्या पेट्रोलमधून निघेल.

मग खुला करायचा कधी? मी सांगतो तो क्रम बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी सांगतो. आधी पैसे देणारं एक गिऱ्हाईक, ज्याच्या कारखान्यात दोन पगार तुमच्या प्रोग्रामवर निघालेत आणि कारीगरांनी भांडण केलेलं नाही. त्याआधी खुला करण्यात अर्थ नाही, कारण तुम्हालाच अजून तो काय आहे ते माहीत नसतं. पण पहिल्या दिवसापासून लिहायचं असं की उद्या शेजारचा वाचणार आहे. पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये, खरी नावं कुठेच नाहीत, प्रत्येक तुकड्यावर कोणी लिहिला त्याची नोंद. आणि पहिल्या दिवसापासून शेठना त्यांचा सगळा हिशेब एका बटणावर एक्सेलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे. कोड खुला असो वा बंद, हे बटण नसेल तर तुम्ही आणखी एक निळं डोंगल विकताय. माझ्या मनात याबद्दल काहीच शंका नाही.

काहींनी खुला करू नये हेही मला मान्य आहे. तुमच्या प्रोग्राममध्ये खरोखर एखादी अवघड युक्ती असेल, म्हणजे कॅमेऱ्यानं कापडातला दोष ओळखण्यासारखी, जी बाकड्यावर बसून नाही तर दोन वर्षं डोकं खपवून सापडलीय, तर ती झाकून ठेवा. कोणी नावं ठेवली तरी ठेवू द्या. पण मग शेठना दुसऱ्या रस्त्यानं शब्द द्या. करारात एक कलम घाला: आमची सेवा सलग साठ दिवस बंद पडली तर कोड तुमचा, तुमच्या कारखान्यापुरता वापरायला. आणि त्या कोडची प्रत दर तीन महिन्यांनी शेठच्या सीएकडे पाकिटात सीलबंद ठेवा, सोबत चालवायचा कसा याचं एक पान. सीए हा माणूस दोघांच्याही ओळखीचा असतो आणि शेठचा त्याच्यावर विश्वास असतो. यात तुमचं गुपित जात नाही. एक काळजी मात्र घ्या: ते पान खरंच लिहा आणि वर्षातून एकदा दुसऱ्याच मित्राला त्या पानावरून प्रोग्राम चालवायला सांगा. त्याला जमलं नाही तर पाकिटात कागदच आहे असं समजा.

कारखानदारांनाही माझी विनंती आहे. आपल्यातले काही जण आता स्वतः लूमचे मालक झालेत, चार मशीनवाले, बारा मशीनवाले. आबा, दादा, पोरगं सॉफ्टवेअर विकायला आलं की किंमत पाडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. माझा हिशेब बाहेर काढून दाखव. आणि तू गेलास तर हे कोण चालवेल? पोरगं गोंधळलं तर हाकलू नका, पुढच्या आठवड्यात उत्तर घेऊन ये म्हणा. तुम्ही विचारलंत तरच ते शिकेल. आणि ज्यानं नीट उत्तर दिलं त्याला महिन्याचे पैसे वेळेवर द्या. खुल्या कोडवर जगणाऱ्याचं पोट सेवेच्या पैशांवर चालतं. कोड फुकट मिळतो म्हणून मेहनतही फुकट समजाल तर हे पोरगंही उद्या फोन उचलणार नाही.

त्या मुलीचा प्रोग्राम आता डोंगलवाल्या शेठकडे चालतो. तिनं त्यांना एक छापील पान दिलं, गुजरातीत. कोड कुठे ठेवलाय, हिशेब बाहेर कसा काढायचा, ती भेटली नाही तर कोणत्या दोन जणांना हे चालवता येतं. शेठनी पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि खण उघडून त्या निळ्या डोंगलच्या शेजारी ठेवलं. मग तिला म्हणाले, "बेटा, जुनं पण निघेल का गं यातून?" ती दर रविवारी जाऊन त्या जुन्या कॉम्प्युटरशी झटते आहे. अजून दोनच वर्षांचे ताके निघालेत.